मेंटॉर मिळेल का, असं विचारलंस म्हणून

पीएचडी संपत आलीय, मुलगा सहा वर्षांचा आहे, जर्मनीतून पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीचं, बोलावणं आलंय. "ताई, तिकडे बायकांना मेंटॉर देतात म्हणे, मग निभेल ना?" असं तू फोंड्याहून विचारलंस. व्हिसा, विमा, पगार हे सगळं त्यांच्या संकेतस्थळावर आहे. मी परत उगाळत नाही. बाकीचं सांगते. त्यात माझं रडगाणं येणार, तेवढं सोसून घे.

आधी नाव. लग्नात तांदळात लिहिलेलं नवं नाव मी हौसेनं पासपोर्टवर चढवलं. आपल्याकडे गोव्यात रजिस्ट्रारपुढच्या सह्या लग्नाआधीच होतात, म्हणून त्या दाखल्यावर मी माहेरची. पदवीवर, शोधनिबंधांवरही माहेरचीच. मुलीच्या जन्मदाखल्यावर मात्र सासरची. इथल्या जर्मन कार्यालयातल्या बाईंनी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि शांतपणे विचारलं, "या मुलीची आई यातली कोणती?" मग प्रतिज्ञापत्र, अपोस्टील म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, शपथेवरचा भाषांतरकार. त्यानं आमच्या माशेल गावाचं स्पेलिंग वेगळंच लिहिलं, की पुन्हा पहिल्यापासून. सात महिने गेले. तेवढे सात महिने मुलगी माशेलात आजीकडे होती. तू नाव बदललं नसशील तर बदलू नकोस. बदललं असशील तर ऑर्किड आयडीवर, म्हणजे संशोधकांच्या ओळख क्रमांकाच्या नोंदीत, दोन्ही नावं आजच घाल.

आता मेंटॉर. मिळाली. एका योजनेतून, दुसऱ्या शहरातली प्राध्यापिका, दीड-दोन महिन्यांनी एक तास. पहिल्या भेटीत मी थंडी, घरची आठवण वगैरे सुरू केलं. तिनं घड्याळ पाहिलं आणि सीव्ही मागितला. मला रागच आला. सीव्हीत दोन वर्षांची पोकळी होती, ती मी 'स्वतंत्र वाचन व लेखन' असं लिहून शिताफीनं झाकली होती. तिनं नेमकी तिथेच पेन्सिल टेकवली. म्हटलं, बाळंतपण. "मग तसं लिही ना!"

युरोपीय संशोधन परिषदेच्या ज्या अनुदानावर माझा डोळा होता त्याला तेव्हा पीएचडीनंतर 7 वर्षांची मुदत होती. पाच महिन्यांनी हुकलं असं धरून मी अर्जच करणार नव्हते. पण आईला प्रत्येक मुलामागे 18 महिने वाढवून मिळतात. इथल्या विद्यापीठांत ठरावीक मुदतीच्या नोकऱ्यांना पीएचडीनंतर 6 वर्षांची मर्यादा आहे, तिथेही मुलामागे 2 वर्षं वाढू शकतात. गोव्यात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथे सगळ्यांनी प्रेमानं सांगितलं होतं, घर सांभाळून जमेल तेवढं कर. ते अनुदान मिळालं नाही, पण मुलाखतीपर्यंत पोचले आणि त्यावर आताची नोकरी लागली.

मेंटॉरनं धीर कधी दिला नाही. पण मी खोलीत नसताना दोनदा माझं नाव सुचवलं, एकदा परिषदेतल्या वक्त्यांच्या यादीत आणि एकदा समुद्रसंशोधनाच्या जहाजावरच्या मोहिमेसाठी. दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत 1983च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेल्या, हे आपण विद्यार्थी असताना किती भाषणांत ऐकलंय! यादीत त्यांचं नाव घाला असं आधी कोण म्हणालं, हे मात्र कुठल्याच भाषणात नसायचं. तुझ्या मेंटॉरकडे तेवढंच माग. मन मोकळं करायला मैत्रीण शोध.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. डिसेंबरात चारला अंधार पडतो, चवथीला गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी फोनवर बघायची. होते सवय. पुढे.

शाळेचं मात्र अजून सलतं. इथे चौथीतच शिक्षक शिफारस देतात, मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेत, जाणार की दुसऱ्या शाळेत. माझी लेक दुसरीच्या मध्यावर मराठी शाळेतून थेट जर्मन वर्गात बसली. बाई म्हणाल्या, गणित उत्तम आहे, पण वर्गात बोलत नाही. शिफारस नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जहाज गाठायचं होतं. नोकरी करणाऱ्या आईला टोमणा मारायला इथे एक जुना शब्द आहे, राबेनमुटर, म्हणजे डोमकावळीण आई. बाईंनी तो उच्चारला नाही, मलाच ऐकू आला. मी मान डोलावली आणि सही केली. हरकत घेता येते, पुन्हा बोलणी करता येतात, हे जहाजावर एका सहकारणीनं सांगितलं. तोवर परतायला पाच आठवडे होते. मेंटॉरला एका ओळीत विचारता आलं असतं. पण तिच्यापुढे मुलीचा विषय काढायला मला अजूनही संकोच वाटत होता, पोकळी उघडी पडल्यानंतरसुद्धा.

लेक आता आठवीत आहे, त्याच दुसऱ्या शाळेत. वर्गात भरपूर बोलते, जर्मनमध्ये. आजीशी फोनवर मात्र 'हो' आणि 'नाही'. ते शिफारसपत्र मी लग्नाच्या दाखल्याच्या फाइलीत ठेवलंय, का ते विचारू नकोस.

तुझा सीव्ही पाठव. मुलाची जन्मतारीख घालून.