पदक घासू नका, आधी कडेवरचा नंबर वाचा

जय हिंद ताई,

मागाहून वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. घरातल्या जुन्या डब्यात तुम्हाला दोन पदके सापडली. एक गोल, पितळेसारखे दिसणारे, त्यावर पंख असलेली बाई, आणि कडेला इंग्रजीत नंबर, 'सेपॉय', पणजोबांचे नाव आणि शेवटी '११० मराठा एल. आय.' (लाइट इन्फंट्री, म्हणजे पायदळाची ११० वी मराठा पलटण). दुसरे चांदणीच्या आकाराचे, त्यावर 'द इटली स्टार'. घरात सांगतात की पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईत' होते, तिथे घोड्याचे मांस खायची वेळ आली आणि तुर्कांनी त्यांना धरून नेले. पण कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचे नाव मिळत नाही, म्हणून काका म्हणतात की ही सगळी सांगोवांगी. आणि पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला पदके चकचकीत करून न्यायची आहेत.

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती घाईची आहे. पदके घासू नका. ब्रासो नाही, चिंच नाही, राख नाही. आमच्या घरी आजोबांच्या थोरल्या भावाचे चांदीचे पदक होते. दर दसऱ्याला आजी देवाच्या भांड्यांबरोबर तेही चिंच-रांगोळीने घासायची, मग हळदीकुंकू लावून शस्त्रांच्या शेजारी मांडायची. मोठ्या मायेने करायची. मी पलटणीत लागल्यावर पहिल्या सुट्टीत ते नीट हातात घेतले, तेव्हा कडा बोटाला गुळगुळीत लागली. बॅटरी आडवी धरून पाहिले तर मधली 'टी-टी-ए' एवढीच अक्षरे उमटली. नंबर गेला, नाव गेले, पलटणीचा आकडा गेला. मराठ्यांच्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा सहा पलटणी तेव्हा होत्या. आमचा माणूस त्यातल्या कुठल्या पलटणीत होता, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्या पदकावर ते अजून वाचता येते आहे. कार्यक्रमाला तसेच काळपट न्या, कोरड्या मऊ फडक्याने फक्त धूळ पुसा.

आता तुमच्याकडे काय आहे ते पाहू. पंखवाल्या बाईचे ते पहिल्या महायुद्धाचे व्हिक्टरी मेडल, कांस्याचे. हे पदक एकट्याने येत नसे. सोबत चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल असायचे, एका बाजूला पाचव्या जॉर्जचे डोके आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. आपल्याकडे पुष्कळ घरांत हे चांदीचे पदक नेमके नसते. अडचणीच्या वर्षी ते सोनाराकडे गेलेले असते, आणि कांस्याला कोणी विचारत नाही म्हणून दुसरे राहते. त्याबद्दल कोणाला दोष देऊ नका, घर चालवायचे होते.

तिसरे पदक असू शकते आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. १९१४-१५ स्टार. हा चार टोकांचा, आडव्या तलवारींचा, आणि त्यावरचे नाव मागच्या बाजूला. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात पोहोचला, त्यालाच तो मिळाला. ही तारीख लक्षात ठेवा.

आता घोड्याच्या मांसाकडे. हे ऐकले की मी लगेच कान टवकारतो, कारण ती आठवण एका ठरावीक ठिकाणाची आहे: कुट-अल-अमारा. 'बसरा' हा आपल्या गावांनी अख्ख्या मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, दिलेला शब्द. माणूस बसऱ्याच्या बंदरात उतरला, म्हणून पुढची सगळी लढाई बसऱ्याची. प्रत्यक्षात ११० वी पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर तैग्रिस नदीच्या काठाने वर वर सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला मोठी झुंज झाली, नुकसान फार झाले, आणि जनरल टाउनशेंडचे सैन्य मागे फिरून नदीच्या वळणातल्या कुट गावात शिरले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा आवळला. १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी आत होत्या. शिधा कमी होत गेला. घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. आपल्या लोकांनी पुष्कळ दिवस ते मांस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी आली तरी कितीतरी जण तयार झाले नाहीत, आणि उपासमारीने खंगत गेले. एप्रिलमध्ये विमानातून पिठाची पोती टाकली, ती पुरेशी नव्हती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे कैदेत गेली.

पुढचे हाल लढाईपेक्षा वाईट. बगदाद, समारा, मोसूल आणि तिथून वाळवंटातून पायी रास-अल-ऐनपर्यंत, जिथे तुर्क-जर्मन रेल्वेचे काम चालू होते. साधे शिपाई उन्हात, अनवाणी, आजारी अवस्थेत चालवले गेले. वाटेत किती पडले याची नीट मोजदाद त्या वेळी झालीच नाही. घरात 'तुर्कांनी धरून नेले' एवढेच तीन शब्द उरले असतील, तर त्यामागे हा रस्ता आहे.

पण तुमचे पणजोबा त्यात होते का? इथे तारीख कामाला येते. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला, म्हणजे कुटमध्ये अडकलेला प्रत्येक जण १९१५ संपायच्या आत मेसोपोटेमियात होता. म्हणून तो १९१४-१५ स्टारचा हक्कदार होता. डब्याच्या तळाशी, जुन्या फोटोच्या चौकटीमागे, वाटणी झालेल्या भावकीकडे तो चार टोकांचा तारा शोधा. सापडला आणि मागे हाच नंबर असला, तर कुटची गोष्ट फार पक्की होते, कारण त्या डिसेंबरात ११० वी जवळजवळ सगळी आत होती. जवळजवळ म्हणतो, कारण आजारी आणि जखमी म्हणून आधीच खाली बसऱ्याला पाठवलेलेही होते. आणि ते मूळचे दोनच पदकांचे हक्कदार होते असे निघाले, तर ते मागाहून आलेल्या कुमकेतले. नुसता तारा हरवला म्हणून निष्कर्ष काढू नका. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या युद्धाच्या पदकांचे नोंदपत्ते आहेत, त्यात हिंदी फौजेचीही नावे आहेत. तिथे आडनावाने नाही, नंबराने ताडून पाहा.

नंबर म्हणतो, त्याला कारण आहे. त्या काळच्या कारकुनाने नाव कानावर पडले तसे इंग्रजीत उतरवले. पवारचे 'पोवार', जाधवचे 'जादव' किंवा 'जादो', कुठे आडनाव गायब आणि वडिलांचेच नाव पुढे. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-पाच शिपाई सहज असत. त्यांच्यात तुमचा माणूस नंबर आणि पलटण या जोडीनेच वेगळा काढता येतो.

काकांच्या शंकेला उत्तर सोपे आहे. कॉमनवेल्थचे ते संकेतस्थळ फक्त मृतांचे आहे. जिवंत परतलेल्यांची नावे तिथे नसतातच. पणजोबा परत आले, त्यांना मुले झाली, म्हणून तर तुम्ही प्रश्न विचारता आहात. नाव नसणे ही चांगली बातमी आहे.

परत न आलेल्यांबद्दल मात्र एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इराकमधल्या बसरा स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांची स्मृती आहे. त्या दगडावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले. आपल्या अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. आपल्या शिपायांचा मात्र पलटणीपुढे नुसता आकडा. नावे होती, ती कागदी नोंदवहीत ठेवली. २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने अहवाल देऊन हे कबूल केले: पहिल्या युद्धातल्या अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि किमान १,१६,००० लोकांचे नावानिशी स्मरण झालेच नाही. कमिशनने माफी मागितली. त्या नोंदवहीतली नावे आज संकेतस्थळावर शोधता येतात. ज्यांच्या घरातला माणूस गेला तो परतलाच नाही, त्यांनी जरूर शोधावीत. शोधताना नावाच्या रकान्यावर विसंबू नका. पलटण भरा, आणि अतिरिक्त माहितीत जिल्हा किंवा तालुका इंग्रजीत टाका, तोही तेव्हाचा. रायगड तेव्हा कुलाबा होता, सिंधुदुर्ग रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात होते, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात. नाव नसेलच आणि मृत्यूचा कागदी पुरावा तुमच्याकडे असेल, तर कमिशनला लिहा. वगळलेली नावे ते पुराव्यावर घेतात.

गावातही एक जागा पाहून या. पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यातले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. पाटीवर नावे नसतात, पण आकडा असतो, आणि म्हाताऱ्या माणसांना त्या आकड्यातली घरे माहीत असतात. त्यांना आत्ताच विचारा.

इटली स्टार पणजोबांचा नाही, हे उघड आहे. तो सहा टोकांचा, दुसऱ्या महायुद्धाचा. पुढच्या पिढीतले कोणीतरी, आजोबा किंवा त्यांचे भाऊ, इटलीच्या मोहिमेवर होते. तारा उलटा करून पाहा. इंग्लंडमध्ये त्या युद्धाची पदके बिननावाची दिली, पण हिंदुस्थानात दिलेल्या पदकांवर नाव-नंबर बरेचदा आढळतो. इथेही तिरका उजेड.

आणि आता मला स्वतःला फार आवडणारा भाग. १९२२ च्या फेररचनेत सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि ११० वी झाली तिसरी मराठा. हीच तिसरी मराठा १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनला 'पिनॅकल' नावाच्या सुळक्यावर रात्रीची चढली आणि तो जिंकला. हीच पुढे इटलीत होती. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ ला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे शत्रूच्या मोर्चावर धावून गेले. बॉम्ब आणि टॉमी गन, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून शेवटी बंदुकीच्या दस्त्याने लढले. मोर्चा घेतला आणि तिथेच दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या गोळीने गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे त्या फौजेतले शौर्याचे सर्वोच्च पदक. त्यांची कबर वा चितास्थान ज्ञात नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. त्या मुलखातल्या लोकांनी ऐंशी वर्षांनी आपल्या माणसाची आठवण ठेवली, ही बातमी वाचली तेव्हा मी ती घरात मोठ्याने वाचून दाखवली होती. स्वातंत्र्यानंतर तीच तिसरी मराठा पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आजची २ पॅरा. म्हणजे तुमच्या डब्यातल्या कडेवरचा '११०' अजून फौजेत आहे.

इटली स्टारवाले त्याच पलटणीत होते असे मात्र एवढ्यावरून धरू नका. बापामागून मुलगा त्याच पलटणीत जायचा, ही रीत होती खरी, पण पहिली मराठाही इटलीत होती. सेनिओ नदीवर एप्रिल १९४५ मध्ये शिपाई नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून वर काढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती पहिली. शिवाय खडकीचे बॉम्बे सॅपर्स, रसद, खेचर कंपन्या, इस्पितळे, सगळ्यांत आपले लोक होते.

कागदांबद्दल खरे सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. पहिल्या युद्धातल्या साध्या शिपायाची स्वतःची फाइल मिळेल ही आशा धरू नका. दुसऱ्या युद्धातल्या माणसासाठी बेळगावच्या मराठा रेकॉर्ड ऑफिसला नंबर, पूर्ण नाव, गाव, तालुका आणि तुमचे नाते लिहून अर्ज करा. ते पेन्शनर असतील तर शक्यता बरी. पेन्शनविना सुटलेल्यांची कागदपत्रे २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट होतात, फक्त लाँग रोलमधली, म्हणजे भरती झालेल्यांच्या नोंदवहीतली, एक ओळ राहते. ती एक ओळही मागा: भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, कारण. सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जुनी नोंद आहे का विचारा. पैसे घेऊन 'पूर्ण रेकॉर्ड काढून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

माणसाची फाइल नसली तरी पलटणीची रोजनिशी असते, तिला वॉर डायरी म्हणतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ घरबसल्या धुंडाळता येते, तिथून सुरुवात करा. शिपायाचे नाव त्यात क्वचितच येते, पण ११० वी कुठल्या दिवशी कुठे होती, किती पडले, हे कळते.

आता एक करा. खिडकी लावून खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी पदकाच्या कडेला अगदी सपाट धरा, पदक थोडे थोडे फिरवत सात-आठ फोटो काढा, आणि ताऱ्याच्या मागच्या बाजूचाही एक. नंबरातला आकडा १ की ७, ३ की ८ असा घोळ नेहमी होतो, तो आधी सोडवू. फोटो इथे टाका, मी आज रात्रीच पाहतो.