फ्रॅक्चर केलेल्या, म्हणजे दाबाने खडकात भेगा पाडलेल्या गॅस विहिरीत प्रॉपंट (भेगा मिटू नयेत म्हणून आत भरलेले दाणे) किती टिकतो, हे कशावर ठरतं? बडोद्यात मिळणारी ओरसंग नदीची वाळू का चालत नाही?

ओरसंगची वाळू स्लॅबसाठी उत्तम, पण तिचे दाणे कोनदार आणि मिश्र खनिजांचे असतात. दाब आला की कोपरे तुटतात आणि त्या भुकटीने गॅसच्या वाटा बुजतात. प्रॉपंटला गोल, एकसारखा दाणा लागतो. २०/४० मेश (चाळणीवरून ठरणारं दाण्याचं माप) म्हणजे साधारण ०.४२ ते ०.८४ मिमी.

दाण्यावरचा भार ढोबळमानाने असा काढा: क्लोजर प्रेशर (खडक भेग मिटवू पाहतो तो दाब) वजा तळाचा वाहता दाब (गॅस वाहत असताना विहिरीच्या तळाशी असणारा दाब). क्लोजर ७००० पीएसआय आणि तळाचा दाब ४००० असेल, तर भार ३०००. तळाचा दाब १००० वर उतरला की तोच भार ६००० च्या आसपास जातो आणि चांगली क्वार्ट्झ वाळूही तिथे हात टेकते. त्यापुढे रेझिन-कोटेड (रेझिनचा थर दिलेली वाळू) किंवा सिरॅमिकच घ्या.

लॅबमधल्या आकड्यावर विसंबू नका, हे कळकळीने सांगतो. 'दीर्घकालीन' म्हणवली जाणारी चाचणी प्रत्येक दाबाला जेमतेम ५० तास चालते. विहिरीत दाणे मऊ खडकात रुततात, दाणे आत वाहून नेणाऱ्या जेलचा गाळ उरतो, गॅससोबत पाणी येतं. प्रत्यक्ष वाहकता (भेगेतून गॅस वाहू देण्याची क्षमता) कित्येकदा लॅबच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरते. विहीर वारंवार बंद-चालू केली की भार पुन्हा पुन्हा बदलतो आणि चुरा वाढतो, म्हणून चोक (प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) हळूहळू उघडा.