बर्फ नसला तरी माणूस गारठतो: तुमचे प्रश्न

प्रश्न: ट्रेकला बर्फ वगैरे काही नव्हतं, ८-१० डिग्री असेल, पण पावसात भिजलो आणि एकजण जाम काकडायला लागला. एवढ्यात हायपोथर्मिया होतो का?

होतो ना, आणि लोक नेमके इथेच फसतात. बर्फ दिसला की सगळे सावध असतात, पाऊसवारा असला की "वाळेल अंगावरच" म्हणत चालत राहतात. शरीराच्या आतलं तापमान ३५ डिग्रीच्या खाली गेलं की हायपोथर्मिया, आणि पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यात वारा असेल तर विचारूच नका. म्हणून कॉटनचा टीशर्ट, जीन्स घरीच ठेवा. लोकर, फ्लीस ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं. चढावर घाम फुटायच्या आधीच एक थर काढा आणि थांबलात की लगेच घाला, कारण घामानेही माणूस भिजतोच.

प्रश्न: तो सारखा "मी ठीक आहे" म्हणत होता. मग कळणार कसं?

त्याच्या शब्दावर जाऊ नका, मेंदूच गारठला की ज्याचं त्याला कळत नाही. हातांकडे बघा. जॅकेटची चेन लावायला सांगा. बोटं नुसती चाचपडत राहिली, जीभ जड झाली, सपाट वाटेवर ठेचकाळतोय, उगाच चिडतोय किंवा एकदम गप्प झालाय, तर तिथेच थांबा, प्लीज. आणि अजून गारच असताना हुडहुडी थांबली तर "चला, बरं वाटतंय याला" असं समजू नका, शरीराने हात टेकलेत. काहीजण तर गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतात, अजिबात काढू देऊ नका.

प्रश्न: ब्रँडी पाजायची, हातपाय चोळायचे, बरोबर ना?

दोन्ही नको. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर गरम वाटतं पण आतली ऊब निघून जाते. चोळल्याने गारठलेल्या कातडीला इजा होते. आधी वाऱ्यापासून आडोसा, मग ओले कपडे उतरवून कोरडे, आणि अंगाखाली मॅट, सॅक, दोर जे असेल ते घाला, जमीन खालून ऊब खात असते आणि वरून चार पांघरुणं घालणाऱ्यांना हेच सुचत नाही. डोकं-मान झाका, स्लीपिंग बॅगवर प्लॅस्टिक गुंडाळा. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून छातीशी, काखेत ठेवा. थेट कातडीला लावली तर भाजेल आणि बधिर माणसाला ते कळणारही नाही. पूर्ण शुद्धीत असेल, नीट गिळता येत असेल तरच गोड गरम प्यायला द्या, थरथरायलासुद्धा शरीराला साखर लागते. निदान अर्धा तास चालायला लावू नका.

प्रश्न: शुद्धच हरपली, नाडी लागत नाही, तर?

आडवं ठेवा, अगदी हळू हाताळा, एवढ्या गार हृदयाचा ठोका धक्क्यानेही बिघडतो. श्वास आणि नाडी पूर्ण मिनिटभर तपासा, नसेल तर सीपीआर (छाती दाबत राहणं आणि तोंडाने श्वास देणं) सुरू करा आणि मदत बोलवा. अंग गार, कडक पडलंय म्हणून गेला असं धरू नका. १९९९ साली नॉर्वेत अ‍ॅना बॉगेनहोम ही डॉक्टर स्कीइंग करताना ओढ्यावरच्या बर्फाखाली ८० मिनिटं अडकली, शरीराचं तापमान १३.७ डिग्रीपर्यंत उतरलं, हृदय बंद होतं. हॉस्पिटलला नेईपर्यंत सीपीआर थांबवला नाही. ती वाचली आणि नंतर पुन्हा डॉक्टर म्हणून कामालाही लागली.