वेदीवरचं चित्र ओल्या फडक्याने पुसू नका

प्रश्न : नाशिकमधल्या आमच्या जुन्या चर्चमध्ये ऐन पावसाळ्यात शॉर्टसर्किटने आग लागली. वेदीमागचं मारिया मातेचं कॅनव्हासवरचं तैलचित्र काजळीने काळवंडलंय, खालची कडा भिजलीय, रंगाला फोडही आलेत. ओल्या फडक्याने हलकेच पुसलं तर चालेल का?

उत्तर : मुळीच नको. काजळीचे कण अतिशय बारीक आणि तेलकट असतात. पाणी लागलं की ते रंगाच्या तड्यांत शिरतात आणि पुन्हा निघत नाहीत. शिवाय जुन्या कॅनव्हासला रंगाखाली सरसाचा हात दिलेला असतो. तो पाण्याने फुगतो, कापड आक्रसतं आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात.

आधी टॉर्च कडेने तिरपी धरून फोटो काढा. उचललेला रंग तेव्हाच नीट दिसतो. चित्र उतरवून रंगाची बाजू वर ठेवून आडवं ठेवा, पण कापड लाकडी ताणचौकटीवरून सोडवू नका. हीटर, हेअर ड्रायर नको, पंख्याचा झोतही थेट चित्रावर नको. श्रावणातल्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून डिह्युमिडिफायरने (हवेतला ओलावा शोषणाऱ्या यंत्राने) आर्द्रता हळूहळू 55 टक्क्यांच्या आसपास आणा.

पुढचं काम प्रशिक्षित संवर्धकाचंच, म्हणजे जुन्या कलाकृती जतन आणि दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. तो आधी जपानी कागद (पातळ पण चिवट कागद) आणि पातळ सरसाने फोड बसवतो. सुटा रंग तसाच ठेवून साफसफाईला हात घालणं म्हणजे चित्र गमावणं. मग व्हल्कनाइज्ड रबराचा कोरडा स्पंज येतो. त्याचा दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा काजळीवर टेकवायचा आणि सरळ उचलायचा. घासायचा नाही, आणि काळी झालेली बाजू लगेच कापून टाकायची. एवढ्यानेच बरीच काजळी निघते. उरलेल्या थरासाठी 1 ते 2 टक्के ट्रायअमोनियम सायट्रेटचं (सायट्रिक आम्लाच्या क्षाराचं) पाण्यातलं द्रावण, तेही प्रत्येक रंगावर कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तपासून. द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवायचा तो लाटल्यासारखा, घासून नव्हे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा : पिवळी गेरू जास्त तापली की कायमची तांबडी होते. तो डाग नव्हे. तो घालवायला गेलात तर मूळ रंगच जाईल.

प्रश्न : सोनेरी वर्खाची लाकडी मूर्ती एका बाजूने कोळसा झाली आहे. रंगाऱ्याकडून नवीन करून घ्यावी का?

उत्तर : नाही. रंगारी सॅंडपेपर मारून वर्खाखालचा खडूचा थर, वर्ख, जुना रंग सगळं उतरवतो, आणि ते परत आणता येत नाही. हा वर्ख बहुतेकदा सरस घातलेल्या लाल मातीवर बसवलेला असतो. ओल्या बोळ्याच्या एका फेऱ्यात तो बोटावर येतो. कोळसा झालेलं लाकूड ॲसिटोनमधल्या पॅरालॉइड बी-72 या ॲक्रिलिक राळेच्या पातळ द्रावणाने घट्ट करतात. रंग भरायचा तो फक्त गेलेल्या जागी, आणि पुढे काढता येईल असाच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, सल्ल्यासाठी तिथे विचारा.

प्रश्न : पितळी मेणबत्तीदाण्या भांडीबाजारात पॉलिशला देऊ का?

उत्तर : आत्ता नको. जळालेल्या पीव्हीसी वायरच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते पितळ खात राहतं. त्यामुळे पॉलिश नको, पण धुण्याची घाई करायलाच हवी. निव्वळ पितळ असेल, रंग किंवा मुलामा नसेल, तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब घालून धुवा, साध्या डिस्टिल्ड पाण्याने खळबळा आणि सुती कापडाने लगेच कोरडं करा. बफिंगच्या चाकाखाली कोरीव नक्षी झिजते.