गीझर थांबून थांबून का उसळतो?

प्रश्न : गरम पाण्याचा झरा सतत वाहतो, पण गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, बराच वेळ गप्प राहून मग एकदम उडतो. जमिनीखालची उष्णता तर सारखीच मिळत असते ना?

उत्तर : उष्णता सारखीच असते, हे तुमचं बरोबर. फरक पाण्यावरच्या दाबाचा आहे.

झऱ्याची वाट मोकळी असते. तापलेलं पाणी वर येतं, गार पाणी खाली जातं आणि उष्णता निघून जाते. गीझरची नळी मात्र कुठेतरी आवळलेली असते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ओल्ड फेथफुल या गीझरमध्ये सुमारे ७ मीटर खोलीवर ती जेमतेम ११ सेंटीमीटर रुंद आहे. अशा नळीत पाणी खालीवर फिरू शकत नाही, तळाशीच तापत राहतं. वर १० मीटर पाण्याचा भार असेल तर ते १०० नव्हे, १२० अंशांना उकळतं. म्हणजे ११५ अंशांचं पाणीही तिथे शांत असतं!

मग थोडी वाफ धरते, बुडबुडे वर सरकतात आणि तोंडाशी थोडं पाणी सांडतं. सगळी गंमत या सांडण्यात आहे. तेवढा भार उतरला की खालचं पाणी आहे त्याच तापमानाला उकळू लागतं. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा मागते. ती वरचं पाणी भिरकावते, दाब आणखी उतरतो, आणखी खालचं पाणी उकळतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४६मध्ये आइसलंडच्या गेसिर या गीझरमध्ये तापमापक सोडून मोजलं, तेव्हा नळीच्या मध्यावरचं पाणी असंच उकळीच्या उंबरठ्यावर असल्याचं आढळलं.

गेसिरच्या शेजारचा स्ट्रोक्कुर हा गीझर मी पाहिला आहे. आधी कुंडातलं पाणी श्वास घेतल्यासारखं वरखाली होतं. मग मधोमध निळाशार, काचेसारखा घुमट फुगतो. तो क्षणभरच दिसतो, आतली वाफ चमकते आणि घुमट फुटून पाणी १५-२० मीटर वर जातं. मी सलग सात वेळा तिथेच उभा राहिलो, त्या घुमटासाठी.

नळी रिकामी झाली की गार पाणी झिरपून भरतं आणि पुन्हा तापतं. तुम्ही म्हणता तो गप्प राहण्याचा काळ हाच. म्हणून ओल्ड फेथफुल दोनएक मिनिटंच उडला तर तासाभराने परततो, चार मिनिटं उडला तर सुमारे दीड तास लागतो. तिथले रेंजर घड्याळ लावून हेच मोजतात आणि पुढची वेळ फलकावर लिहितात.