वाचकांचे प्रश्न : एडीएचडी आणि ध्यान

प्रश्न : वय ३४. गेल्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जातं ती अवस्था) निदान झालं. रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं ठरवते, पण दुसऱ्याच मिनिटाला भरायची बिलं, राहून गेलेले फोन, कुठलंतरी गाणं असं सगळं सुरू होतं. मग चिडून उठते. मला ध्यान जमणारच नाही का?

उत्तर : आधी वीस मिनिटं हा आकडा खोडून टाका. प्रौढ आणि किशोरवयीन एडीएचडी रुग्णांसाठी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग घेतला गेला. २००८ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात घरचा सराव पाच मिनिटांपासून सुरू करून हळूहळू पंधरापर्यंत नेला होता आणि चालता चालता ध्यान करायचीही मुभा होती. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्यामुळे त्यावरून मोठे दावे करता येणार नाहीत, पण ही आखणी उचलण्यासारखी आहे.

तुम्ही तीन मिनिटांनी सुरुवात करा. खुर्चीत बसा, पावलं जमिनीला टेकलेली. पलंगावर नको, तिथे झोप लागते. डोळे अर्धवट उघडे ठेवा आणि नजर चार-पाच फुटांवर जमिनीकडे. पूर्ण मिटले की आतली गर्दी वाढते, असा अनेकांचा अनुभव असतो. श्वास सोडताना मनात ‘एक’, पुढचा सोडताना ‘दोन’, असं पाचपर्यंत जा आणि पुन्हा एकवर या. पाचच का? आकडे लांबले की मोजणी आपोआप चालू राहते, मन भलतीकडे असतं आणि चौदावर पोहोचल्यावर जाग येते.

मन भटकल्याचं लक्षात आलं की ‘विचार’ एवढीच नोंद करा आणि एकपासून सुरू करा. सराव होतो तो या लक्षात येण्याचाच. तीन मिनिटांत पंधरा वेळा भटकून पंधरा वेळा परत आलात, तर बैठक चांगली झाली. तुम्ही नेमकी तीच वाया गेली असं धरता आणि उठता.

अंग स्वस्थ बसू देत नसेल तर चाला. दहा-बारा पावलांची सरळ वाट घ्या. टाच टेकली, चवडा टेकला, पाऊल उचललं, एवढ्यावरच लक्ष. टोकाला थांबा, वळा. आठवडाभर तीन मिनिटं सहज होऊ लागली की पाच करा. एखाद्या दिवशी छान लागलं म्हणून अर्धा तास बसू नका. दुसऱ्या दिवशी तेवढं होत नाही आणि सगळंच सुटतं.

प्रश्न : ध्यान सुरू केल्यावर गोळ्या बंद करता येतील का?

उत्तर : स्वतःच्या मनाने नाही. नेदरलँड्समध्ये १२० प्रौढांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ध्यानावर आधारित उपचारांचा फायदा दिसला, पण तिथे ते चालू उपचारांना जोड म्हणून दिले होते. गोळ्यांमुळे भूक मंदावणं, झोप उडणं, छातीत धडधड असा त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगा. डोस किंवा वेळ बदलूनही बरंच साधतं.

प्रश्न : चार दिवस नियमित होतं, मग विसरतोच. आणि ध्यान करूनही काम सुरू होत नाही ते नाहीच.

उत्तर : ‘सकाळी कधीतरी’ ही वेळ एडीएचडीत टिकत नाही. दात घासून झाले की लगेच खुर्ची, असं आधीच्या पक्क्या सवयीला जोडा आणि खुर्ची वाटेतच ठेवा. वेळ लावायला फोन नको, साधं गजराचं घड्याळ घ्या. फोन हातात आला की संदेश दिसतात आणि तीन मिनिटांची चाळीस होतात. नवेपणा ओसरला की कंटाळा येणारच. तेव्हा श्वासाऐवजी आवाज ऐका किंवा चालण्यावर या. सराव बदलला तरी चालेल, जागा आणि वेळ बदलू नका.

काम सुरू करून देणं ध्यानाच्या आवाक्यात नाही. त्यासाठी वेगळी युक्ती लागते. कामाआधी तीन श्वास मोजा आणि पहिली हालचाल मोठ्याने बोला. ‘अहवाल लिहायचा’ असं नव्हे, तर ‘फाइल उघडून शीर्षक टाइप करायचं’. मग समोर दिसेल असा दहा मिनिटांचा टायमर लावा. तो वाजल्यावर थांबायची पूर्ण मुभा ठेवा, नाहीतर उद्या तुम्ही तो लावणारच नाही.

बसल्यावर दर वेळी घाबरायला होत असेल किंवा जुन्या वाईट आठवणी उसळत असतील, तर बैठक थांबवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.