डेन्व्हरजवळ राहतो, चौघांचं कुटुंब. ४४०० पाउंडांचा कॅम्पर ओढायला आणि घरचं सामान वाहायला टाकोमा, रेंजर, कोलोरॅडो, रिजलाइन यांपैकी कोणता पिकअप घ्यावा?

कॅम्पर (ट्रकमागे ओढायचं फिरतं घर) अजून घेतला नसेल तर आधी तो ठरवा, ट्रक नंतर. घेतला असेल तर उत्तर थोडं कटू आहे, पण हिशोब बघा आणि मग ठरवा. मीही याच भागात राहतो आणि मिडसाइझ ट्रकनेच छोटा कॅम्पर ओढतो, त्यामुळे तुमचे रस्ते मला ठाऊक आहेत.

जाहिरातीतले ओढण्याच्या क्षमतेचे आकडे तुम्ही पाहिलेच असतील. कोलोरॅडो ७७०० पाउंड, रेंजर ७५००, टाकोमा ६५००, रिजलाइन ५०००. हे आकडे खोटे नाहीत. बहुतेक कंपन्या एसएई (वाहन अभियंत्यांची संघटना) हिच्या जे-२८०७ या मानकाप्रमाणे चाचणी करतात. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ एसी चालू ठेवून चढावा लागतो आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊन चालत नाही. पण त्या हिशोबात ट्रकमध्ये माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पाउंडांची. मागे दोन मुलं, कूलर, सायकली आणि बायकोने 'असू दे बरोबर' म्हणून घेतलेला डोसातवा त्यात नसतो.

तुमची खरी मर्यादा ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर दिसणाऱ्या पिवळ्या स्टिकरवर छापलेली असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर असतं. यालाच पेलोड म्हणतात. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांत हा आकडा दोन-तीनशे पाउंडांनी वेगळा निघू शकतो, कारण सनरूफ, फोर-व्हील ड्राइव्ह, जाड टायर हे सगळं त्यातूनच वजा होतं. म्हणून वेबसाइटवरचा 'कमाल पेलोड' विसरा. डीलरच्या लॉटवर जा, जो ट्रक घेणार त्याचंच दार उघडा आणि स्टिकरचा फोटो काढा. सेल्समन जरा विचित्र नजरेने बघतो, बघू द्या.

आता तुमचा हिशोब. ४४०० हे कॅम्परचं कोरडं वजन, म्हणजे पाणी, गॅस, भांडी, अंथरुणं काहीच नसताना. ४० गॅलन पाणी भरलं की तेच ३३० पाउंड होतं. निघायच्या दिवशी तो सहज ५३०० च्या घरात जातो. ट्रेलरच्या, म्हणजे इथे कॅम्परच्या, वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रकमागच्या जोडणीवर) यावा लागतो. त्याला टंग वेट म्हणतात. तो कमी ठेवला तर हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. १३ टक्के धरले तर ६९० पाउंड झाले, आणि हे सगळे पेलोडमधून जातात. चौघांचे ५३० धरा, ट्रकच्या बेडमधल्या (मागच्या हौद्यातल्या) सामानाचे २००, वेट-डिस्ट्रिब्यूशन हिचचे ८०. बेरीज १५००. क्रू-कॅब (चार दारांच्या), फोर-बाय-फोर मिडसाइझवर १३५० च्या आसपासचा स्टिकर काही दुर्मीळ नाही. म्हणजे कोलोरॅडो-रेंजरच्या ओढायच्या मर्यादेच्या दोन हजार पाउंड आत राहूनही तुम्ही पेलोडच्या १५० पाउंड बाहेर! वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच पुढच्या-मागच्या चाकांवर भार नीट वाटते, गाडी सरळ चालते, पण स्टिकरवरचा आकडा ती वाढवत नाही. हे विकणारे नेमकं सांगत नाहीत.

म्हणून हाच कॅम्पर आणि हेच चौघं असतील तर मी मिडसाइझ घेणार नाही, सरळ फोर्ड एफ-१५० च्या वर्गातला मोठा ट्रक बघेन आणि त्याचाही स्टिकर आधी वाचेन. कॅम्पर ३३००–३५०० कोरड्या वजनाचा चालणार असेल तर मिडसाइझ छान जमतो.

मग त्यात कोणता? माझं मत कोलोरॅडोकडे झुकतं. २७०० सीसीचं टर्बो (हवा दाबून भरणारं) इंजिन, ४३० पाउंड-फुट टॉर्क, आणि तो कमी आरपीएमलाच मिळतो. समुद्रसपाटीवर हा फरक फारसा जाणवत नसेल, पण तुम्हाला आय-७० हायवेवरून आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११ हजार फुटांच्या वर चढायचं आहे. तिथे हवा विरळ, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटत जाते. निसान फ्रंटियर या आणखी एका मिडसाइझचा व्ही-६ आणि रिजलाइनचा व्ही-६ इथेच दमतात. रेंजर आणि टाकोमा दोन्ही टर्बो आहेत, ती अडचण त्यांना कमी. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. तिथे टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावा, गिअर खाली ठेवा आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. ट्रेलरचे स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आणि ट्रकमध्ये ते ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवाच, तो शक्यतो कारखान्यातूनच बसवून घ्या.

रेंजर घेणार असाल तर टो पॅकेज आहे ना, हे कागदावर तपासा. ते नसेल तर ७५०० चे थेट ३५०० होतात. टाकोमाचं आपल्या लोकांना फार वेड, कारण रीसेल. ते खरंही आहे. पण 'हायब्रिड म्हणजे जास्त ताकद, म्हणजे जास्त ओढेल' असं समजू नका: ३२६ हॉर्सपॉवर असूनही हायब्रिड ६००० च ओढतो, साध्यापेक्षा पाचशेने कमी. रांगड्या ऑफ-रोड ट्रिमचंही तसंच. कोलोरॅडो झेडआर-२ ६०००, रेंजर रॅप्टर ५५१०. मऊ सस्पेन्शन खडकांवर चांगलं, ओझ्याखाली नाही.

घरच्या सामानाचं म्हणाल तर मल्च (बागेत पसरायचा सालींचा चुरा) आरामात बसतो, सुका असेल तर एक घनयार्ड सहाशे-आठशे पाउंड. खडी मात्र घनयार्डाला २८०० पाउंडांच्या आसपास भरते, अर्धा यार्डसुद्धा जास्त होतो. लोडरवाला 'भरू का अजून?' विचारतो तेव्हा नाही म्हणा. प्लायवूडचा ४ बाय ८ फुटांचा तक्ता चाकांच्या उंचवट्यांमध्ये सपाट बसतो तो रिजलाइनमध्ये आणि नव्या रेंजरमध्ये. टाकोमा-कोलोरॅडोत तो उंचवट्यांवर टेकतो. टाकोमा आणि फ्रंटियरमध्ये चार दारांबरोबर सहा फुटी बेड मिळतो, कोलोरॅडोत पाच फुटीच. मंडळाच्या गणपतीचं मखर आणि स्टेजचं सामान न्यायचा बेत असेल (इथे ट्रक घेतला की ते काम आपोआप गळ्यात पडतं), तर बेडच्या लांबीपेक्षा सहा बाय बारा फुटांचा बंद ट्रेलर भाड्याने घेणं सोयीचं. पाऊस आला तरी थर्माकोल वाचतो.

ट्रेलरचे टायर एसटी (स्पेशल ट्रेलर) प्रकारचे असतात आणि त्यातले बरेचसे ताशी ६५ मैलांपुरतेच बनवलेले असतात, तेव्हा मोकळ्या आय-२५ हायवेवर ७५ ला जाऊ नका. पहिल्या सहलीला निघताना पूर्ण भरलेला ट्रक आणि कॅम्पर घेऊन एखाद्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, उभे राहा. थोडक्या डॉलरांत प्रत्येक आसावरचं वजन कागदावर मिळतं. मागच्या आसाचा आकडा दाराच्या चौकटीवरच्या जीएडब्ल्यूआरपेक्षा (त्या आसाच्या कमाल भारापेक्षा) जास्त निघाला, तर पाण्याची टाकी कॅम्परच्या आसापुढे असल्यास ती तिथेच रिकामी करा आणि सायकली कॅम्परच्या आत, त्याच्या आसावर हलवा. कॅम्परच्या मागच्या बंपरवर टांगू नका, त्याने टंग वेट घटतं.